एकाच बाकावर दोन सल्ले

माझी मुलगी चौथीत होती. तिच्या शाळेत दातांचे डॉक्टर तपासणीला आले, त्या दिवसाची ही गोष्ट आहे, आणि त्यानंतरच्या वर्षभराची.

मी एसटीत कंडक्टर आहे. त्या वेळी माझी ड्यूटी मलकापूरच्या गाडीवर असायची. दिवसभर ‘पुढं सरका, पुढं सरका’ ओरडून घसा बसलेला, पाय भरून आलेले. खाकी कपड्यांतच घरी आले, तर मुलगी मोरीत उभी राहून दात घासत होती. चहाची वेळ. तोंडाला सगळा फेस आणि डोळे लाल.

“ही काय दात घासायची वेळ हाय व्हय गं?”

तिनं चूळ भरली, ब्रश धुतला आणि परत त्यावर पेस्ट लावायला लागली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, “आई, आपल्या घरात तंबाखू कोण खातं?”

“कोण न्हाय. का गं?”

“मग डॉक्टरांनी मलाच का सांगितलं?”

मी तिला मोरीतून बाहेर आणलं, टॉवेलनं तोंड पुसलं आणि समोर बसवलं. ती हळूहळू बोलली. वर्गात बाई एकेकाचं पूर्ण नाव वाचत होत्या. ज्याचं नाव येईल ते पोर पुढं जायचं, डॉक्टर बॅटरी मारून तोंडात बघायचे आणि काय काय करायचं ते सांगायचे. माझ्या मुलीच्या आधी तिच्या मैत्रिणीचं नाव आलं. ही मैत्रीण आमच्या समोरच्या घरातली, आणि वर्गात हिच्याच बाकावर बसणारी. तिला डॉक्टरांनी नीट समजावलं. सकाळी घासायचे आणि झोपतानाही घासायचे. मऊ ब्रश घ्यायचा, गोल गोल फिरवायचा. चिकट गोळ्या कमी खायच्या. मागच्या दाढांच्या खाचा खोल आहेत, त्यांत लेप भरून घेतला की कीड लागत नाही, आईला घेऊन दवाखान्यात ये. शेवटी तिच्या गालावर टिचकी मारून ‘हुशार आहेस’ असंही म्हणाले.

मग माझ्या मुलीचं नाव वाचलं. डॉक्टरांनी तिच्या तोंडात बघितलं आणि म्हणाले, “घरात तंबाखू, मशेरी चालते ना? तू हात लावायचा नाही त्याला. मटण खाल्लं की चूळ भरायची. स्वच्छ राहायचं. चल, पुढचं नाव.”

“मी सांगितलं त्यांना, आमच्यात कोण खात न्हाई म्हणून,” मुलगी म्हणाली. “पण तोवर पुढचा आलता.”

मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरच्या पोरांनी तिला ‘ए तंबाखू’ अशी हाक मारली होती. हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं.

बाहेरच्या खोलीत माझे वडील पेपर वाचत बसले होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. सगळं त्यांच्या कानावर पडत होतं, हे मला पानांचा आवाज थांबल्यावरून कळलं. आबांचं निम्मं आयुष्य कुरुंदवाडकडं दुसऱ्याच्या रानात गेलं. पण आमच्या घरात तंबाखू नाही, आणि ती का नाही, याला मोठी गोष्ट आहे. आबांच्या वडिलांनी धर्मांतर केलं तेव्हा कमरेची तंबाखूची चंची सोडली आणि कृष्णेच्या पाण्यात टाकली. त्यांना ते फार जड गेलं. पुढं कितीतरी दिवस काम करता करता त्यांचा हात आपोआप कमरेला जायचा आणि रिकामा परत यायचा, असं आबा सांगतात. त्यानंतर आमच्या घरात कुणी चिमूट घेतलेली नाही. सकाळी आबा पंचशील म्हणतात. त्यातलं पाचवं शील, नशेच्या पदार्थांपासून लांब राहण्याचं, माझी मुलगी त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणते.

तिनं मला विचारलं, “आई, डॉक्टर आपल्या घरी कधी आलतं का?”

“न्हाई बाळा.”

“मग त्यांना आपल्या घरातलं काय म्हायती?”

मी उठून चहा टाकला. उत्तर मला माहीत होतं. बाईंनी तिचं नाव वाचलं होतं, आणि नावाच्या शेवटी आडनाव असतं.

गाडीत मला हे रोज दिसतं. लांबच्या फेरीला एखादी बाई शेजारी बसते, गप्पा सुरू होतात. माहेर कुठलं, मालक काय करतात, मुलं किती. मग विचारतात, “आडनाव काय म्हणायचं तुमचं?” मी सांगते. काही जणी तशाच बोलत राहतात. काही जणी ‘व्हय काय’ म्हणतात आणि खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागतात. याची मला सवय झाली होती. मोठ्या माणसाला सवय करून घेता येते. पण नऊ वर्षांची पोर घरी येऊन पुन्हा पुन्हा दात घासायला लागली, तेव्हा ही सवय तिला लावायची नाही, एवढं मी त्या चहाच्या भांड्याजवळ उभी राहून ठरवलं.

दुसऱ्या दिवशीच दवाखान्यात जाऊन त्या डॉक्टरांना जाब विचारायचा, असं माझ्या मनात होतं. आबांनी अडवलं.

“आधी खात्री कर,” ते म्हणाले. “रागानं गेलीस तर त्यास्नी तुझा राग दिसंल. तुझं म्हणणं दिसणार न्हाय.”

“आबा, पोरगी खोटं सांगंल व्हय?”

“खरंच सांगतीया. पण ती एकटी हाय. डॉक्टर म्हणंल, लहान हाय, नीट ऐकलं नसंल. मग काय करशील?”

मी थांबले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्याच शाळेतल्या मुलांच्या आयांना बाजूला घेतलं. एकीचा मुलगा दुसरीत, एकीची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. दोघांनाही तेच: तंबाखूला हात लावू नको, स्वच्छ राहा. ब्रश कसा धरायचा, दाढांचं काय, परत कधी दाखवायचं, यातलं एक अक्षर नाही. त्यातल्या एकीचा नवरा सरकारी दवाखान्यात नर्सिंगचं काम करतो. ती तर हसायलाच लागली. मग घरी येताना गॅरेजवाल्या मुसलमान भावाकडं थांबले. त्याचा मुलगाही त्याच शाळेत. “त्याला पान-सुपारी बंद कर म्हणाले,” तो म्हणाला. “भाभी, आठ वर्षाचं पोर हाय ते. लग्नातलं ताट सोडलं तर सुपारी त्यानं कुठं बघितलीबी नसंल.” तो हे सांगताना गाडीचा नट पिळत होता, तो इतका जोरात पिळला की पाना सटकला.

आता माझी खात्री झाली. तरी एक घर राहिलं होतं, आणि तिथं जायला मला जरा जड जात होतं.

समोरच्या घरातली मैत्रीण आणि मी एकमेकींना अक्का म्हणतो. दोघीही कृष्णाकाठच्या. तिचं सासर नृसिंहवाडीजवळचं, गावाकडं त्यांचा ऊस आहे, आणि इथं घरामागं दोन म्हशी. आमच्या घरी दूध तिच्याकडूनच येतं. आमची लेकरं एकमेकांच्या घरी जेवून वाढली. सणाला तिच्याकडची पुरणपोळी आमच्याकडं येते आणि बुद्धपौर्णिमेची खीर तिच्याकडं जाते. जातीचा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. निघाला नव्हता म्हणूनच सगळं सुरळीत चाललं होतं की काय, ही शंका मला त्या आठवड्यात पहिल्यांदा आली.

संध्याकाळी गेले. ती उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होती. तिच्या सासूबाई, त्यांना ती आत्ती म्हणते, पलीकडं भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“अक्का, डॉक्टरनं तुझ्या पोरीला काय काय सांगितलं गं?”

तिनं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. दाढांत लेप भरायला पुढच्या आठवड्यात जाणारच होती.

“आणि तंबाखूचं काय सांगितलं?”

“तंबाखूचं? तिला कशाला सांगतील?” ती हसली.

आत्तींनी तेवढ्यात पुडी उघडली. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड; आमच्याकडच्या जुन्या बायका ती दातांना लावतात. आत्तींनी बोट पुडीत बुडवलं आणि हिरड्यांवरून फिरवलं. मी बघत होते. अक्कानं माझं बघणं बघितलं.

“माझ्या पोरीला सांगितलं,” मी म्हटलं. “पुढं उभी करून, सगळ्या वर्गासमोर. जिच्या घरात चिमूट सापडायची न्हाय, तिला. आणि तुझ्या पोरीला विचारलंसुदिक न्हाय.”

“मग तुला काय म्हणायचं हाय?”

“आडनाव बघून सांगितलं, असं म्हणायचं हाय.”

तिचा चेहरा बदलला. “ह्यात जात कशाला आणायलीस अक्का? डॉक्टर शिकलेला माणूस हाय. आणि आत्तींची जल्माची सवय हाय ती. त्यात माझ्या लेकीला ओढू नको.” तिनं मेथीची परडी उचलली आणि आत गेली. आत्तींना कमी ऐकू येतं. त्या मला म्हणाल्या, “च्या घेऊन जा गं.”

दुसऱ्या दिवसापासून दूध द्यायला ती आली नाही, तिचा नवरा यायला लागला. तो भला माणूस. चरवी रिकामी करून मुकाट्यानं जायचा. मुली मात्र रोज एकत्रच शाळेला जात होत्या, हात धरून. त्यांच्यापर्यंत आमचं भांडण पोचलं नव्हतं, किंवा पोचलं असलं तरी त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं.

आठवडाभरानंतर मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. मागून आवाज आला, “अक्का.” ती फाटकात उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. मीच तिच्याजवळ गेले.

“तू गेल्यापास्नं डोक्यात तेच घोळत हुतं,” ती म्हणाली. “रोज मी धार काढायला मागं जाते, तवर ह्या दोघी उठून पुढच्या पायरीवर बसत्यात. आजी आणि नात. मला वाटायचं, गप्पा मारत्यात. आज म्हशीला पेंड टाकली आणि धार न काढता तशीच पुढं आले. दोघींची बोटं काळी, अक्का.”

मी तिचा हात धरला.

“उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडं लागलीया सवय. ‘आज्जी म्हणते दात घट्ट हुत्यात’ म्हणाली. भाबडेपणानं सांगितलं सगळं. खोटं बोलायला येतच न्हाय तिला.” आता तिला रडू आवरेना. “त्या डॉक्टरनं पोरीच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं की गं. एक शब्द विचारला असता तर तिनं तिथंच सांगितलं असतं. गालावर टिचकी मारून पाठवून दिलं.”

खरं सांगायचं तर तिचं ऐकताना ‘मी म्हणत नव्हते का’ असं काही माझ्या मनात आलं नाही. मला तिच्या लेकीचा चेहरा दिसत होता. ती पोर माझ्याच हातची भाकरी खाऊन मोठी झालेली. माझ्या मुलीच्या वाट्याला अपमान आला होता. तिच्या लेकीच्या वाट्याला आजार येणार होता, आणि तोही लाडाच्या पदराआडून. दोन्हीचं मूळ एकच होतं: विचारायच्या आधीच ठरवलेलं उत्तर.

“चल,” मी म्हटलं. “दोघी जाऊ. पोरींना घेऊन.”

“भांडायचं न्हाय पण.”

“भांडायचं न्हाय. विचारायचं. आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं न्हाय.”

माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. दवाखाना छान, गार, भिंतीवर हसणाऱ्या दातांची चित्रं. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टर मोबाईल बाजूला ठेवून म्हणाले, “या. कोणाला दाखवायचंय?” वयानं माझ्यापेक्षा थोडे मोठे असतील. वाईट माणूस दिसत नव्हते. थकलेले दिसत होते. मनात आलं, वाईट असते तर सोपं झालं असतं.

“दोघींनाही,” मी म्हटलं. “डॉक्टर, शाळेत तुम्ही ह्या दोघींना तपासलंय. ह्या एका बाकावर बसतात, एका गल्लीत राहतात. हिला तुम्ही ब्रशचं, दाढांचं सांगितलं. हिला तंबाखूचं सांगितलं. असं वेगवेगळं का, एवढंच विचारायला आलोय.”

ते हसले. “ताई, एका दिवसात सगळी शाळा बघायची असते. प्रत्येकाशी किती बोलणार? अनुभवावरून अंदाज येतो, कुणाच्या घरी काय असेल त्याचा. त्यात चूक काय? तंबाखू वाईटच आहे. चांगल्यासाठीच सांगितलं ना.”

“अंदाज कशावरून आला?”

“म्हणजे?”

“हिच्या तोंडात तंबाखूचं काही दिसलं होतं का?”

त्यांनी मुलीकडं बघितलं. “नाही. असं काही आठवत नाही.”

“मग?”

त्यांनी खुर्ची मागं सरकवली. आवाज बदलला. “हे बघा, मी जातपात मानत नाही. माझ्याकडे सगळे पेशंट येतात.”

“तुम्ही मानता असं मी म्हटलंच नाही. तुम्ही विचारलं नाही, असं म्हणते.” माझा आवाज चढायला लागला होता, मी तो खाली आणला. “मी कंडक्टर आहे. गाडीत दिवसभर माणसं चढतात. कपडे बघून मी कुणाला तिकीट फाडून देत नाही. प्रत्येकाला विचारते, कुठं जायचं. विचारलं नाही तर माणूस भलत्या गावाला उतरतो.”

मग माझ्याशेजारी अक्का बोलली. तोपर्यंत ती लेकीचा हात धरून खाली मान घालून बसली होती.

“डॉक्टर, माझ्या पोरीला विचारा,” ती म्हणाली. “जे हिच्या पोरीला सांगितलासा, ते आता माझ्या पोरीला विचारा.”

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, मग त्या मुलीकडं. त्यांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी तिला मोठ्या खुर्चीत बसवलं, दिवा लावला, हातमोजे चढवले. “बाळ, तू दात कशानं घासतेस?”

तिनं सांगून टाकलं. “पेस्टनं. आणि सकाळी आज्जीबरोबर मशेरीनं.”

त्यांनी खालचा ओठ उलटा करून बराच वेळ बघितलं. आरसा फिरवला, पुन्हा बघितलं. अक्का माझं मनगट इतकं घट्ट धरून होती की तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. “हिरडीवर थोडा पांढुरका भाग आहे,” डॉक्टर म्हणाले. “वेळेवर आलात. मशेरी बंद केली की बहुतेक आपोआप जाईल. पण आजपासून बंद. महिन्यानं मला परत दाखवायचं.” मग सावकाश विचारलं, “घरात आणखी कोण लावतं?”

“आत्ती. सासूबाई.”

“त्यांना घेऊन या. लवकर.”

नंतर माझी मुलगी खुर्चीत चढली. या वेळी त्यांनी तिला सगळं विचारलं. काय खातेस, कधी घासतेस, झोपताना घासतेस का, हिरडीतून रक्त येतं का. शेवटी मला म्हणाले, “हिच्याही दाढांच्या खाचा खोल आहेत. लेप भरायला हवा. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं.” एवढंच. माफी मागितली नाही. पण ब्रश कसा धरायचा हे त्यांनी दातांचा मोठा साचा हातात घेऊन दोघींना एकदम दाखवलं, आणि माझी मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघून हसली.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, “झालं बाई एकदाचं.”

“झालं कुठं?” मी म्हटलं. “बाकीच्या पोरांचं काय?”

पुढच्या सुट्टीला मी मुख्याध्यापिकांकडं गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे हो. पण डॉक्टर फुकट येतात. असलं काही काढलं तर उद्या येणारच नाहीत. शाळेत वाद नको.”

“वाद मलाही नको. पालकसभेत दोन मिनिटं बोलू द्या.”

“बघू.”

दोन सभा अशाच ‘बघू’त गेल्या. तिसऱ्या सभेला मी परवानगीची वाट बघितली नाही. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का’ असं म्हटल्याबरोबर उभी राहिले. काय घडलं ते सांगितलं, कुणाचं नाव न घेता. मागणी साधी होती. तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांनी आधी सगळ्या वर्गाला सगळं सांगावं. तंबाखूचं, ब्रशचं, गोळ्यांचं, दाढांचं. मग प्रत्येक मुलाला तेच प्रश्न विचारावेत. आणि तोंडात जे दिसेल ते त्या मुलाला बाजूला घेऊन सांगावं, सगळ्यांसमोर नाही.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. “ताई, प्रत्येक गोष्टीत जात काढायची सवय लागलीया तुम्हा लोकांना. डॉक्टर तंबाखू खाऊ नका म्हणाला, त्यात एवढं काय?”

‘तुम्हा लोकांना’ हे शब्द ऐकून सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अक्का उभी राहिली होती. ती सभेत कधी तोंड उघडत नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं बोलायला सुरुवात केली, आणि पहिली काही वाक्यं ती जमिनीकडं बघूनच बोलली.

“पावणं, माझी लेक मशेरी लावत हुती. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली. मला म्हायती नव्हतं. डॉक्टरनं तिला विचारलं न्हाय, कारण आमच्या घरात असलं काय नसणार असं त्यास्नी वाटलं. मलाबी तसंच वाटत हुतं.” तिनं मान वर केली. “हिनं विचारलं नसतं, तर माझी पोर आजबी पायरीवर बसून मशेरी लावत असती. तुमच्या घरात कोण काय खातंय ते तुम्ही जाऊन बघा आधी. मग बोला.”

ती खाली बसली. चारचौघांत आपल्या घरातलं असं उघडं करायला किती धाडस लागतं, हे बाईमाणसालाच कळेल. गावात बातमी जाईल, सासरची माणसं बोलतील, हे तिला माहीत होतं. आणि तसं झालंही. तिच्या दिरानं फोन करून घराण्याची अब्रू घालवलीस म्हणून सुनावलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मुख्याध्यापिकांनी त्या दिवशी काही कबूल केलं नाही. पण आठवड्यानं शाळेतून निरोप आला की पुढची तपासणी आम्ही म्हणतो तशी होईल, आणि दोन पालक हजर राहिले तरी चालेल.

या सगळ्यात आत्तींची गाडी अडून बसली होती. ‘मला काय धाड भरलीया’ म्हणून त्या दवाखान्यात यायलाच तयार नव्हत्या. शेवटी आबा गेले त्यांच्याकडं. दोघं ओट्यावर बसून बराच वेळ बोलत होते. पाऊसपाणी, कुरुंदवाडचा बाजार, कुठल्या साली पूर कुठवर आला होता. मग आबांनी त्यांना आपल्या वडिलांच्या चंचीचं सांगितलं. आत्तींनी ते कान पुढं करून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच लुगडं बदलून तयार झाल्या. डॉक्टरांना त्यांच्या गालाच्या आत चट्टा दिसला, त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ-दहा दिवस अक्कानं कसे काढले ते मी बघितलंय. कर्करोग निघाला नाही. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की पुडी सोडली नाही तर पुढं सांगता येणार नाही. आत्तींनी एकदम सोडली असं मी म्हणणार नाही. दोनदा सोडली, दोनदा धरली. तिसऱ्यांदा नातीनं पुडी उचलून उकिरड्यात टाकली आणि आजीच्या समोर उभी राहिली. तेव्हापासून त्या बडीशेप खातात आणि सगळ्या जगाला शिव्या देतात.

पुढच्या वर्षी तपासणी झाली त्या दिवशी अक्का आणि मी वर्गाच्या मागच्या भिंतीला उभ्या होतो. तेच डॉक्टर आले. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली. साचा आणि मोठा ब्रश टेबलावर ठेवला, आणि एकही नाव पुकारायच्या आधी सगळ्या वर्गाला विचारलं, “तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरात तंबाखू, मशेरी, गुटखा खातात किंवा आधी खायचे? हात वर करा. घाबरायचं नाही, कुणाला रागावणार नाही.”

आधी कुणीच हात वर केला नाही. मग अक्काच्या लेकीनं केला, ताठ. मग एका पोरानं, मग दुसऱ्यानं. बघता बघता वर्गभर हात उगवले. त्यात सगळ्या आडनावांची पोरं होती. सभेत माझ्यावर उखडलेल्या त्या गृहस्थांचा मुलगाही होता. डॉक्टरांनी ते सगळे हात एकेक करून बघितले. मग बाह्या वर सारून त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि त्या तासाभरात कुणालाही काही सांगायचं राहिलं नाही.

माझी मुलगी हात खाली ठेवून ऐकत होती. आता तिला कुणी काही चिकटवू शकत नव्हतं.

सगळ्यांनाच हे आवडलं असं नाही. काही पालक रस्त्यात दिसले की तोंड फिरवतात. मुख्याध्यापिका माझ्याशी नेमकंच बोलतात. काही घरांनी अक्काकडून दूध घेणं बंद केलं, ते तिनं मला सांगितलं नाही, तिच्या नवऱ्याच्या तोंडून कळलं. पण ती पुन्हा सकाळी स्वतः चरवी घेऊन यायला लागली होती, आणि आमच्यात आता तो विषयही निघतो. कधी वाद होतो, कधी हसायला येतं. एकदा ती म्हणाली, “तुझ्यासंगं ऱ्हायचं म्हंजे भांडण शिकलं पायजे.” मी म्हटलं, “शिकलीस की.”

तपासणी संपली तेव्हा माझी दुपारची ड्यूटी होती. निघताना फळ्याशेजारी सूचना लावलेली दिसली: पुढच्या महिन्यात डोळ्यांची तपासणी, डॉक्टर वेगळे. मी स्टँडवर पोचले, आणि गाडीत चढायच्या आधी डेपोत जाऊन डोळ्यांच्या तपासणीच्या दिवसाची रजा टाकली.